राबाचा पाला

सासू-सासऱ्यांची दोन महिन्यांची मेहनत मी अर्ध्या तासात जाळली आणि हात धुऊन त्यांच्या चहाची वाट पाहत बसलो.

मी मूळचा लातूरकडचा, जव्हारला शाळेत मास्तर. सासुरवाडी जवळच्याच साखरशेत गावची. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिथे राहायला गेलो होतो. सासू-सासरे आणि बायको सुमन जव्हारच्या बाजाराला निघाले. सासरे म्हणाले, "जावई, तुम्ही आराम करा."

तेवढं ऐकायला हवं होतं. घरामागे वाळलेल्या पानांचा माझ्याहून उंच ढीग होता. एवढी टापटिपीची माणसं आणि मागे हा कचरा? (शाळेत स्वच्छतेचं काम माझ्याकडे असतं.) पाण्याची बादली शेजारी ठेवून, अगदी जबाबदारीने, मी काडी ओढली.

धूर बघून शेजारचे सोनूकाका धावत आले.

"मास्तर, पाला का पेटवला?"

"कचरा साफ करतोय, काका."

ते आधी जाळाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. "राबाचा होता तो," एवढंच म्हणाले.

राब म्हणजे काय ते सुमनने आल्यावर सांगितलं. भाताचं रोप करायची जागा पावसाआधी हा पाला पसरून भाजतात. तण मरतं, रोप जोमानं येतं. सासूबाईंनी तो रानातून पाटी-पाटीने डोक्यावर आणला होता. रोज संध्याकाळी त्या मानेला तेल चोळायच्या. मला वाटायचं, वय झालं.

"मग ही राख शेतावर नेऊन टाकू," मी सुचवलं.

सासरे म्हणाले, "राख न्याल, जावई. पण जमीन भाजायला जाळ कुठून आणाल?"

कोणी रागावलं नाही. सासूबाईंनी चहासुद्धा दिला.

दुसऱ्या दिवशी मी पाटी घेऊन रानात गेलो. जवळचा पाला लोकांनी कधीच झाडून नेला होता. लांबून पाटी भरली, डोक्यावर घेतली, तर अर्धी वाऱ्याने नेली. उरलेल्या अर्ध्यातले लाल मुंगळे सदऱ्यात शिरले. दुखरी मान घेऊन सासूबाई मागून माझा सांडलेला पाला वेचत येत होत्या. "राहू द्या ना, आई," म्हटलं तर म्हणाल्या, "दोघांनी केलं की होतं."

सोनूकाकांनी आणि आणखी दोन घरांनी आपल्यातला थोडा पाला दिला. तरी राबाचा एक कोपरा भाजायचा राहिलाच. पावसाळ्यातले सगळे रविवार मी तिथलं तण उपटत बसलो.

वाडीवर त्या कोपऱ्याला अजून "मास्तरचा वर्ग" म्हणतात. रोप थोडं, गवत फार.