प्रभुभोजनाच्या मनुका

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळ्यांनी घोटभर प्यायचा, द्राक्षरस विकत आणत नसत. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो लागे, म्हणून आदल्या दिवशी आमच्या घरी काळ्या मनुका उकळून, कुस्करून दुहेरी फडक्यातून गाळल्या जात. पप्पा मंडळीचे पंच, त्यामुळे मान आमचा. काम मात्र ताईचं.

मी दहावीत असताना ताईने वडीगोद्रीच्या एका हिंदू मुलाशी नोंदणी करून लग्न केलं. पंचांनी ठरवलं, सगळ्यांसमोर उभं राहून 'मी पाप केलं' असं म्हणेपर्यंत तिला प्रभुभोजन बंद. ताई म्हणाली, "चोरी केली का मी?"

पुढे एका शनिवारी मम्मी तापाने पडली. निरोप गेला तशी ताई एसटीने आली आणि तिने मनुका उकळून गाळल्या. पप्पांनी पातेल्यात बघितलं. "बराबर झालाय," म्हणाले. तिच्याशी बोलले ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये ती माझ्या शेजारी बसली. पाळकसाहेब सांगत होते, ख्रिस्ताने आपल्या सगळ्यांच्या पापांची शिक्षा एकदाच, कायमची भोगली; आता कुणी काही भोगायचं उरलेलं नाही. शाळेत हेच मी इंग्रजीत पाठ केलं होतं, बक्षीसही मिळालं होतं. मग पप्पा रसाच्या प्याल्यांचा ट्रे घेऊन आले. ताईसमोर न थांबता त्यांनी तो माझ्यापुढे धरला. तिच्या बोटांवर मनुकांचे डाग अजून होते. मी प्याला घेतला. प्यायलेसुद्धा. त्याबद्दल स्वतःचा राग मला आजही पप्पांवरच्या रागाइतकाच येतो.

घरी आल्यावर कसंबसं तोंड उघडलं. "पप्पा, येशूने सगळं भोगलं ना? मग ताईने परत काय भोगायचं?"

"इंग्लिश शाळेत घातलं ते हेच शिकायला का?" पप्पा म्हणाले. "मंडळीची शिस्त असती. तुला न्हाई कळायचं."

ताई चपला घालत होती. "राहू दे गं. आता तूच गाळत जा. फडकं दुहेरी घे, न्हाई तर चोथा उतरतो."

ती पुन्हा चर्चला आली नाही.

पुढच्या महिन्यात मी मनुका उकळल्या, कुस्करल्या. फडकं घडी करून फळीवर तसंच ठेवलं आणि सगळं चोथ्यासकट प्याल्यांत ओतलं. रविवारी पाळकसाहेबांना ठसका लागला. पप्पांच्या दाताखाली बी आली. ती चावत त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली नाही. माझा प्याला भरलेलाच ट्रेमध्ये परत ठेवला.