खुर्चीत आधी बसणारे नाना जमादार

नगराध्यक्षाच्या खुर्चीत नगराध्यक्षाच्या आधी बसणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो होता पट्टेवाला. पूर्व खानदेशातल्या आमच्या गावाचं नाव सांगत नाही. या गोष्टीतली काही मंडळी अजून हयात आहेत. नगरपालिकेत मी कारकून होतो आणि नाना आमचे जमादार, म्हणजे पट्टेवाल्यांतले थोरले.

कुणी एक रावबहादूर पूर्वी पदग्रहणाच्या दिवशी हारतुऱ्यांसकट जमिनीवर आले होते. खुर्चीचा पाय वाळवीने खाल्लेला! बोलणी बसली नानांना. तेव्हापासून नवा अध्यक्ष दारात आला की नाना हात वर करून म्हणायचे, "साहेब, जरा थांबा. खुर्ची पाही लेऊ द्या." मग स्वतः बसायचे, पुढे-मागे डुलायचे, उठून उपरण्याने गादी झटकायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, "बसा साहेब!" सभागृह हसायचं. अध्यक्षही हसायचे. पाच अध्यक्ष असे त्यांनी बसवले. नाना मूळचे धुळ्याकडचे. बोलणं अखेरपर्यंत तिकडचंच राहिलं.

स्वराज्यानंतर काही वर्षांनी सहावे अध्यक्ष निवडून आले. खादीधारी, तुरुंगात जाऊन आलेले. चळवळीच्या दिवसांत पोलीस मागावर असताना याच गृहस्थांना नानांनी आमच्या दप्तराच्या खोलीत तीन दिवस लपवलं होतं आणि घरून भाकरी आणून घातली होती. नोकरी गेली असती, तुरुंग चुकला नसता. नानांनी ते कधी चारचौघांत सांगितलं नाही. निकाल कळला तेव्हा एवढंच म्हणाले, "मना हातना हा शेवटला साहेब शे, भाऊ." दोन महिन्यांनी ते निवृत्त व्हायचे होते. पट्ट्याचा पितळी बिल्ला त्यांनी चिंच लावून इतका घासला की त्यावरची अक्षरं पुसट झाली.

समारंभाच्या आदल्या दिवशी अध्यक्षांचा माणूस माझ्या टेबलाशी आला. "साहेबांच्या आधी पट्टेवाला खुर्चीत बसणार? शोभतं का? त्याला उद्या आत येऊ देऊ नका."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार? मला नोकरी हवी होती ना! आणि नानांना खरं सांगायची छाती नव्हती म्हणून गोड थाप मारली. "नाना, उद्या फाटकावर मरणाची गर्दी होणार. तुमच्याशिवाय कुणाला आवरायची नाही."

"मंग खुर्ची कोन पाहीन?"

"मी पाहतो."

नाना उभे राहिले फाटकावर. भर उन्हात, इस्त्रीच्या डगल्यात. अध्यक्षांची मोटार आली. नानांनी वाकून रामराम घातला. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, चांगलं ओळखून पाहिलं, आणि मागून येणाऱ्या कापसाच्या जिनवाल्या शेठजींच्या खांद्यावर हात टाकून आत गेले. आत भाषण झालं: मी अध्यक्ष नव्हे, आपला सेवक आहे. टाळ्या! मीही वाजवल्या. खुर्चीला मी हातसुद्धा लावला नव्हता. ती चांगली मजबूत निघाली आणि साहेब तिच्यात पुढची कितीतरी वर्षं बसले.

समारंभ आटोपल्यावर मी बाहेर आलो. नानांनी विचारलं, "पाही का खुर्ची?"

"पाहिली."

ते फाटक लावायला वळले.

दोन महिन्यांनी पट्टा-बिल्ला जमा करायला आले. निरोप नाही, हार नाही. मी पोच लिहून दिली. ती घडी करून खिशात ठेवत नाना शांतपणे म्हणाले, "तुम्हले वरतून सांगेल व्हतं ना, भाऊ? मंग सरळ सांगाले पाहिजे व्हतं. त्या दिन मी घर राही जातू. फाटकवर उभा राहीसन त्याले रामराम तरी नही घालतू."

साहेबांवर मी आयुष्यभर दात-ओठ खाल्ले. पण त्यांनी नानांना फक्त आत येऊ दिलं नाही. फाटकावर उभं केलं ते मी.