दादा सांगत होता

“आत्या, बाबा गेले. घरीच.” अमेयचा फोन आला तेव्हा मी दुपारची पानं घेत होते. माझा हा भाचा एरवी अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलतो. त्या दिवशी मात्र तो एवढंच बोलला, आणि ‘घरीच’ या शब्दावर त्याने किंचित जोर दिला. सकाळी दादाला पक्षाघाताचा दुसरा झटका आला होता. शेजाऱ्यांची गाडी दाराशी उभी होती. पण दादाने चांगल्या असलेल्या डाव्या हाताने पलंगाची कड घट्ट धरली आणि काही केल्या सोडली नाही. शेवटी वहिनींनीच गाडी परत पाठवली. डॉक्टर घरी येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता काही आठवडे झाले, पण त्या कडेवरची त्याची बोटं, मी ती पाहिली नसूनही, डोळ्यांसमोरून जात नाहीत...

माझा हा थोरला भाऊ ग्वाल्हेरच्या एका महाविद्यालयात आयुष्यभर हिंदी शिकवत होता. घरात मराठी, आडनाव मराठी, आणि वर्गात अशी हिंदी की भिंड-मुरैन्याकडची मुलं पहिल्याच तासाला सावरून बसत. दोन भाषांत एकच शब्द वेगवेगळ्या अर्थाने फिरताना दिसला की तो खूश होई. “मराठी में शिक्षा का अर्थ है दंड,” तो नव्या वर्गाला सांगायचा, “इसलिए मुझसे दोनों मिलेंगी.” नया बाजारात भाजी आणायला गेला की परत येताना उशीर ठरलेला. वाटेत कुणी ना कुणी ‘गुरुजी’ म्हणून पायाशी वाकायचं, आणि मग तिथेच त्याच्या घरच्यांची, नोकरीची चौकशी सुरू व्हायची.

या वर्षी धुळवडीला मी ग्वाल्हेरला, दौलतगंजात त्याच्याकडेच होते. जुने विद्यार्थी येऊन त्याला रंगवून गेले. कपाळ, गाल, मिशा, सगळं गुलाबी-हिरवं. तो हसत बसला होता. मग हातातला चहाचा कप खाली पडला आणि त्याचं बोलणं एकदम जड झालं. अमेयने शेजाऱ्यांची गाडी काढली आणि आम्ही त्याला एका मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत नेलं. नाव लिहीत नाही. तिथे सणाची गर्दी होती. पडलेले, प्यायलेले, डोळ्यांत रंग गेलेले. एक तरुण डॉक्टर आमच्याकडे आला, पण दादाला त्याने हात लावला नाही. “बाबूजी को भांग चढ़ गई है. दही खिलाइए, सुला दीजिए.”

“ये भांग छूते तक नहीं,” वहिनी म्हणाल्या.

“होली पर सब यही कहते हैं, माताजी.”

तो दुष्ट नव्हता. थकलेला होता, हे मी तेव्हाही पाहत होते. दादा त्याच्याकडे बघून सांगायचा प्रयत्न करत होता, “उजवा... हात... बधीर...” डॉक्टर हसला. “बधिर कहाँ हैं, सब तो सुन रहे हैं.” आपल्याकडे हात बधीर होतो, हिंदीत बधिर म्हणजे बहिरा. हा फरक दादाइतका कुणाला ठाऊक होता? तो डोळे मिटून हिंदी शब्द शोधत होता, आणि तो सापडत नव्हता. “सुन्न, हाथ सुन्न है कह रहे हैं,” मी मोठ्याने म्हणाले. तोवर डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळला होता.

आम्हाला भिंतीकडच्या बाकावर बसवलं. अमेय पुन्हा पुन्हा विचारायला जाई, “नंबर आएगा” ऐकून परत येई. शेवटी सुरक्षारक्षकाने त्याला बाहेरच काढलं. दुपार तशीच गेली. बसल्या जागी दादाचा पायजमा ओला झाला. चादर मागितली, मिळाली नाही. वहिनींनी आपली शाल त्याच्या मांडीवर पसरली आणि कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्याच्याशी काहीतरी बोलत राहिल्या. दादाने मान खाली घातली होती.

ऊन उतरल्यावर एक वयस्क डॉक्टरबाई जाता जाता थांबल्या. त्यांनी कापूस ओला करून दादाच्या चेहऱ्यावरचा रंग पुसला. रंगाखाली ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळलेला होता. “बाबूजी, मुस्कुराइए,” त्या म्हणाल्या. अर्धाच चेहरा हसला. मग सगळी धावपळ झाली, अमेयलाही आत घेतलं. तपासण्या झाल्यावर त्या अमेयला हळूच म्हणाल्या, “थोड़ा पहले ले आते...”

“पहले ही लाए थे,” वहिनी म्हणाल्या.

पुढच्या महिन्यांत दादाचे थोडे शब्द परत आले, तेही मराठी. हिंदी आलीच नाही. विद्यार्थी भेटायला येत, तो त्यांचा हात धरून नुसता बघत राही, आणि ती मोठमोठी माणसं जिन्यात जाऊन डोळे पुसत. अमेय रुग्णालयात तक्रार करायला गेला, तर तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला चहा दिला आणि म्हणाले, “त्योहार का दिन था, समझिए.” कोर्टात जायचं का, यावर घरात बोलणं चाललं असताना दादा एक एक शब्द ओढत म्हणाला, “मी... सांगत... होतो.” त्यानंतर रुग्णालयाचा विषय निघाला की तो हेच म्हणे. रागाने नाही; खोटं बोलतोस असा आळ आलेल्या लहान मुलासारखा. वेळेवर उपचार झाले असते तर हिंदी परत आली असती का? आली असती, नसतीही, असं डॉक्टर सांगतात. आम्हाला आता त्या दोन शब्दांच्या मधेच राहायचं आहे.

बोलण्याच्या सरावासाठी अमेयने खिडकीजवळ एक आरसा लावला होता, खुर्चीत बसून तोंड दिसेल इतका खाली. रोज सकाळी दादा तिथे बसून डाव्या मुठीने गुडघ्यावर ताल धरून म्हणायचा, पाणी... खिडकी... एकदा म्हणाला, “सुधा.” उभ्या संसारात त्याने आमच्यासमोर वहिनींचं नाव कधी घेतलं नव्हतं. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

तो आरसा अजून तिथेच आहे. उभ्याने पाहिलं तर साडीच्या निऱ्या तेवढ्या दिसतात. परवा मी गेले तेव्हा त्या खुर्चीत बसले, आणि वहिनी येताना दिसल्या म्हणून उठायला लागले. “बसा वन्सं,” त्या म्हणाल्या, “तिथे कुणी बसलं की बरं वाटतं.”