कॉर्नरबॅकच्या बाजूला टाकलेला बॉल

ओल्या चामड्याचा वास आला की मला हायडेलबर्गमधली अमेरिकन फुटबॉलची ती मॅच आठवते. तिथे पीएचडी करताना, क्रिकेटमुळे झेल चांगला म्हणून मला टीममध्ये घेतलं होतं. समोरच्यांचा कॉर्नरबॅक, म्हणजे पास अडवणारा गडी, इतका तरबेज की त्याच्या बाजूला कोणी बॉल टाकतच नसे. शेवटचं मिनिट उरलं, आम्ही चार पॉइंटांनी मागे. "त्याच्या बाजूला?" मी विचारलं. "गेनाऊ, बरोब्बर त्याच्याच," ट्रेनर म्हणाला. "सकाळपासून बॉलसाठी आसुसलाय तो. थांबल्याचं नाटक कर, तो झडप घालेल, मग सूट. झेल घे आणि बॉलसकट शेवटची रेषा ओलांड, की सहा पॉइंट." मी थबकलो, त्याने खरंच झडप घातली आणि मी सुटलो. मागे चिखलात त्याचे बूट वाजत होते. बॉल खांद्यावरून आला, ओल्या बोटांत बसला, आणि क्रिकेटच्या लहानपणापासूनच्या सवयीने मी तो आनंदाने हवेत उडवला. रेषा अजून पाच पावलं पुढे होती. बॉल खाली आला तो त्याच्या हातात. परवा इथल्या रविवारच्या क्रिकेटमध्ये मी एक कॅच घेतला. सगळे पाठ थोपटून गेले, पुढचा बॅट्समन येऊन उभा राहिला, तरी बॉल मी छातीशी धरूनच होतो.