रकेलिना हहानी फोटोत येते

मापुतो शहरालगतच्या माटोलातल्या आमच्या गल्लीत कुणाचंही लग्न असो, मातापा ढवळायला रकेलिनाच हवी. कसावाचा कुटलेला पाला, शेंगदाण्याचं कूट, नारळाचं दूध असं सगळं चुलीवर चढलं की ती पळी दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे. दिली की खाली लागतं, असं तिचं म्हणणं. मग बाकीचं वऱ्हाड नटूनथटून शहरात, तुंदुरू बागेत फोटो काढायला जायचं आणि ही मागे धुरात डोळे पुसत बसायची. त्यामुळे चिलाऊले घराण्याच्या एकाही लग्नाच्या फोटोत रकेलिना नव्हती. सख्ख्या भावाच्या लग्नाच्या फोटोत भाऊ होता, भावजय होती, बागेतलं एक भटकं कुत्रंही होतं. बहीण तेवढी नव्हती.

याचं तिला दुःख होतं, आणि ते ती मुळीच लपवत नसे. "मी मेल्यावर माझं तोंड कुणाला आठवणार?" ती म्हणायची. "सगळ्यांना मातापाच आठवायचा."

तिची भावजय पाल्मिरा गोड बोलून काम काढून घेण्यात पटाईत. "रकेलिना, तुझ्या हातची चव आम्हाला येते का गं?" एवढं म्हटलं की ही विरघळलीच.

पण पाल्मिराच्या मुलीचं, ओनेलियाचं लग्न ठरलं आणि गाडी अडली. ओनेलियाचा बाप झेफानियास हयात नव्हता. बापाच्या बाजूचं म्हणावं असं एकच माणूस उरलेलं, ते म्हणजे रकेलिना. आणि बापाची बहीण म्हणजे हहानी. आमच्याकडे तिच्यावाचून लग्नात पान हलत नाही. नवरीच्या कानात संसाराचे चार शब्द तिनेच सांगायचे असतात. ओनेलियाने आईदेखत बजावलं, "हहानी, बागेत यायचं. फोटोत बाबांच्या जागी तू उभी राहायचंस. तू नसलीस तर मीही नाही."

"आणि मातापा?" पाल्मिराने विचारलं.

"करपू दे."

त्या दोन शब्दांनी रकेलिना आठवडाभर हवेत चालत होती. वऱ्हाडातल्या सगळ्या बायकांनी कमरेला गुंडाळायच्या कापुलाना एकाच कापडाच्या घ्यायच्या ठरलं होतं: हिरव्या रंगावर पिवळे अननस. रकेलिनाने त्याच कापडाचं डोक्याला एवढं मोठं मुंडासं बांधलं, की तिला दारातून वाकून निघावं लागलं. चष्मा मात्र तिने उशीखाली ठेवला. त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती, आणि जन्मातल्या पहिल्या फोटोत दोरा दिसलेला तिला चालणार नव्हता.

तरी मोडता तिनेच घातला. वऱ्हाड निघालं तेव्हा म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी मीठ तेवढं बघून येते." मीठ बघितलं, मग जाळ बघितला, मग पळी धरलेल्या शेजारणीला झापलं आणि शेवटी चापात, म्हणजे खचाखच भरलेल्या छोट्या बसमध्ये, चेंगरून शहरात पोचली तेव्हा उन्हं कलली होती.

शनिवारी तुंदुरूत झाडांपेक्षा नवऱ्या जास्त. लग्नाच्या कचेरीतून सह्या करून सगळं मापुतो इथेच येतं. तळ्याकाठी एक वऱ्हाड, बांबूच्या बनात दुसरं, जुन्या झाडांखाली तिसरं, आणि वर फांद्यांना उलटी टांगलेली वटवाघळं हे सगळं फुकटात बघतायत. रकेलिनाला सगळीकडे नुसते रंगांचे डाग दिसत होते. एवढ्यात काचघराजवळ हिरवं-पिवळं चमकलं. अननस! तिने जीभ वळवून अशी हाळी दिली की दोन वटवाघळं उडाली, आणि ती नाचतच त्या घोळक्यात घुसली.

अननस तेच होते, घराणं दुसरं होतं. दोन्ही घरच्या बायका एकाच दुकानात गेल्या होत्या आणि दोन्हीकडच्यांना दुकानदाराने शपथेवर सांगितलं होतं की हे कापड दुसऱ्या कुणाला देणार नाही.

नवरीकडच्यांना वाटलं, ही नवऱ्याकडची. नवऱ्याकडच्यांना वाटलं, नवरीकडची. अंगावर ठरलेलं कापड आणि तोंडात ओरडा असलेल्या म्हातारीला 'तू कोण' असं विचारायची कुणाची छाती? रकेलिनाने आल्या आल्या ताबा घेतला. "ओढणी तिरकी झालीय, दिसत नाही का? ए उंच्या, मागे हो, चापाची रांग आहे का ही? आणि तू हसतेस की रडतेस? एक काहीतरी ठरव!" फोटोवाला खूश झाला. इतकी शिस्त त्याला कुठल्या वऱ्हाडात मिळाली नव्हती. त्याने तिला नवरीला खेटून मधोमध उभं केलं. रकेलिनाने पोट आत घेतलं, सगळे दात दाखवले. फोटो निघाला. पाल्मिरा आसपास दिसत नव्हती, याचा तिला उलट आनंदच झाला.

मग तिने ओढणीआडच्या नवरीला जवळ ओढलं आणि तिच्या कानात सांगितलं, "पोरी, राग आला तर पातेली आपट, पण चूल विझवू नकोस. आणि रडू नकोस हं, तुझा बाप वरून बघतोय."

नवरीने वर बघितलं. वर वटवाघळं होती.

"वोवो, अहो आजी, माझे बाबा तर ते काय, छत्री धरून उभे आहेत."

छत्रीवाल्या लठ्ठ गृहस्थाने अदबीने हात वर केला. रकेलिना त्याच्या नाकापर्यंत गेली आणि डोळे बारीक करून म्हणाली, "हा झेफानियास नाही."

"मी जुस्तिनो," गृहस्थ म्हणाला. "तुम्ही नवऱ्याकडच्या ना?"

"अहो, आम्ही समजलो तुमच्याकडच्या!" नवऱ्याची आई म्हणाली.

त्यावर असा हशा उठला की काचघराच्या काचा थरथरल्या. रकेलिना हसली नाही. आयुष्यात एकदा फोटोत आली, आणि तीही परक्याच्या. "माझी ओनेलिया कुठेय?" असं म्हणत ती रडायलाच लागली. "बापाच्या जागी कुणीच नाही तिच्या!"

रखवालदार बाग बंद करायच्या शिट्ट्या मारू लागला होता. रकेलिनाने चपला हातात घेतल्या आणि पळत सुटली. तळ्याकाठी निळं वऱ्हाड निघालं, बनात लाल. मागून जुस्तिनो छत्रीसकट धावत होता, कारण रडणाऱ्या म्हातारीला एकटं सोडणं त्याच्याने होईना. त्याच्यामागे त्याची नवरी लेक, जावई, निम्मं वऱ्हाड, सगळे बोंबलत होते, "ओनेलिया! ओनेलिया!"

फाटकाजवळच्या कमानीकडून पाल्मिराचा आवाज आधी आला. "तिला तिचं पातेलंच प्यारं! फोटोवाला निघालाय, अंधार पडतोय, ऊठ आता!"

"हहानीशिवाय फोटो नाही." ओनेलिया पांढऱ्या झग्यासकट पायरीवर फतकल मारून बसली होती, आणि उजवीकडची जागा तिने हात पसरून अडवली होती.

रकेलिना धापा टाकत त्या जागेत जाऊन पडली. मागोमाग अननसांची लाटच आली.

"ही कुणाची माणसं?" पाल्मिरा किंचाळली.

"माझी," रकेलिना म्हणाली.

फोटोवाल्याने घाईघाईत एकच फोटो काढला. नेमक्या त्याच क्षणी रखवालदाराने कानाशी शिट्टी फुंकली.

पुढे जुस्तिनो आपल्याकडचा फोटो घेऊन माटोलाला आला. त्यात रकेलिना मधोमध, राणीच्या थाटात, बत्तीस दात. त्याच्या धाकटीच्या लग्नाचं आमंत्रणही त्याने दिलं. रकेलिनाने आधी विचारून घेतलं, फोटोला की मातापाला. आणि घरच्या फोटोत? मान वळलेली, डोक्याचं सुटलेलं, तोंड वासलेलं. ती रखवालदाराला शिव्या देत होती.

"हा लपव बाई," पाल्मिरा म्हणाली. "लावायचा तर जुस्तिनोचा लाव. त्यात माणसात दिसतेस."

रकेलिनाने दोऱ्याचा चष्मा चढवला आणि दोन्ही फोटो बराच वेळ न्याहाळले. मग खिळा मागितला आणि वासलेल्या तोंडाचा फोटो दारासमोरच्या भिंतीवर ठोकला.

"अगं, पण जुस्तिनोच्या फोटोत सगळे बघतायत समोर!" पाल्मिरा म्हणाली.

"म्हणूनच," रकेलिना म्हणाली. "यात बघ, ओनेलिया माझ्याकडे बघतेय."