हसून झालं की पुन्हा तेच

‘गाडी मस्ट कम, सर. विदाउट गाडी, लेडीज नॉट कमिंग ओन्ली.’

एवढंच बोललो मी. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मीटिंग होती. तिथल्या कँटीनचा ठेका माझा. तो पुढे चालू ठेवायचा की नाही, हे ठरत होतं. पोळ्या लाटायला पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून बायका येतात. त्यांना आणणारी कंपनीची गाडी बंद करायचं घाटत होतं. पहाटे तिकडून एसटी नाही. गाडी नाही तर बायका नाहीत, आणि बायका नाहीत तर कँटीन नाही.

साहेब पुण्याचा, माझा मुलगा शोभेल अशा वयाचा. त्यानं मान डोलवली आणि माझ्याच सुरात म्हणाला, ‘नॉट कमिंग ओन्ली.’ सगळं टेबल हसलं. मग म्हणाला, ‘काका, मराठीत बोला. इंग्लिशला कशाला त्रास देता?’

पुन्हा हसले. मीही हसलो. भडक डोक्याचा म्हणून वाडीत मला ओळखतात, आणि तिथं मी हसलो. ते हसणं अजून दाताखाली खड्यासारखं येतं.

माझं इंग्रजी आकाशातून पडलेलं नाही. मुंबईत आमच्या गावकीची खोली होती. गावातून जो जाईल त्यानं तिथं वळकटी टाकायची. त्या खोलीत प्रत्येकजण आपापल्या मालकाचं इंग्रजी घेऊन यायचा. वडील एका पारशी बाईंकडे स्वयंपाकाला. ते गावी आल्यावर आईनं पाण्याचा तांब्या दिला तरी ‘मोस्ट ऑब्लाइज्ड’ म्हणायचे. चुलते गोदीत. त्यांच्याकडे फक्त शिव्या. मी एका मल्याळी माणसाच्या कँटीनमध्ये भांडी घासायला लागलो आणि गल्ल्यावर बसण्यापर्यंत पोचलो. मला त्याचं इंग्रजी मिळालं, सुरासकट. त्याच इंग्रजीत मी गॅसवाल्यांशी भांडलो, पंजाबी, तमिळ, कुणाकुणाशी घासाघीस केली. तिथं कुणी हसलं नाही. समोरच्याचं वेगळं होतं, माझं वेगळं होतं, सौदा मात्र व्हायचा.

त्या मीटिंगला एक जपानी पाहुणा होता. तो एकेक शब्द शोधून बोलत होता. मध्येच थांबायचा. अर्धं वाक्य हातानं पुरं करायचा. साहेब पुढे वाकून ऐकत होता, शब्द अडला की हळूच पुरवत होता. मोडकं त्याचंही होतं. त्याच्या मोडक्याला मान होता. हे मला तिथं बसून उमगलं नाही. पोलादपूरला महाबळेश्वरच्या फाट्यावर चहाला थांबलो, तेव्हा उमगलं. चहा तसाच ठेवून निघालो.

घरी मुलीला सांगितलं. ती महाडच्या इंग्रजी शाळेत शिकली, आणि मोबाइलवर ऐकून ऐकून तिचं बोलणं आता अमेरिकेकडे वळलंय. एरवी माझी चेष्टा करते. ‘बाबा, सगळ्याला ओन्ली काय लावता? कुणी बोलतं का आता असं?’ त्या दिवशी चेष्टा केली नाही.

‘पुण्याच्या इंटरव्ह्यूत मला का नाही घेतलं, माहितीये?’

‘जागा भरली म्हणालीस ना.’

‘ते मी तुम्हाला सांगितलं. ते म्हणाले, इंग्लिश चांगलं आहे, पण त्यात मातृभाषा ऐकू येते.’

तिची आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘म्हंजे माझी ना? मग ती नाय येनार तर कुनाची येनार गो?’

कुणी हसलं नाही. मी फार दमलो होतो. वडील दमले, मी दमलो, आता ही दमेल. दर पिढीला वाटतं, आपण तरी बरोबर बोलायला शिकलो. तेवढ्यात समोरचे माप बदलतात. माझा जन्म बाजारात गेला. माप दुसऱ्याच्या हातात असलं की माल कितीही घाला, कमीच भरतो.

‘पुढच्या वेळी मी येते. मी बोलते,’ मुलगी म्हणाली.

‘ये. शेजारी बस. बोलणार मी.’

पुढच्या मीटिंगला तिला बघून साहेब खूश झाला. ‘बरं झालं आणलंत. आता हिलाच बोलू द्या.’

तिनं माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. ‘माय फादर विल स्पीक, सर.’

मी बोललो. ‘गाडी मस्ट कम, सर. विदाउट गाडी, लेडीज नॉट कमिंग ओन्ली.’

कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं. साहेबाच्या ओठांवरही हसू आलं. मी गप्प राहिलो. भाव सांगून झाला की गप्प बसायचं असतं, आधी तोंड उघडेल तो उतरतो. हसू सरलं. खोकणं, कागद चाळणं, तेही सरलं. मग मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. त्याच सुरात.

गाडीचं अजून पक्कं नाही. पुन्हा बोलावलंय. मराठी माझीच आहे, ती मी मला वाटेल तेव्हा बोलेन. मला गप्प करायला त्यानं ‘मराठीत बोला’ म्हटलं म्हणून नाही. बायकांनाही सांगून ठेवलंय, गाडीशिवाय कुणी खाली उतरायचं नाही. ठेका गेला तर जाईल. तो हसणार असेल तर हसू दे. मला घाई नाही. त्याचं हसून होईपर्यंत मी थांबेन, आणि मग तेच वाक्य म्हणेन. त्यातलं ‘ओन्ली’सुद्धा काढणार नाही.