किशोरची धडाडगाडी

वलगावात माझ्या घराला लागून किशोरचं वेल्डिंगचं दुकान आहे. संत्र्याच्या बागेतून रानडुकरं हाकलायला लागतात त्या गॅसच्या तोफा तो बनवायचा. लोखंडी नळीत गॅस भरतो, ठिणगी पडते, मोठा आवाज होतो. शेतकरी ही तोफ खुंटीला बांधून ठेवतात, कारण प्रत्येक बारासरशी ती मागे सरकते. किशोरने खुंटी काढली आणि तोफेला चाकं लावली.

न थांबता एकामागून एक बार झाले तर त्या धक्क्यांवर गाडी चालेल, असं त्याच्या मनाने घेतलं. काही वर्षं तो त्यातच होता. समोरचे नत्थुजी म्हणायचे, "डुकरं तं पयाली, आता गाडी पयवून राहिला का रे?"

"तुमालेच बसवतो पयले, काका."

"मले नको. तुया सासऱ्याले बसव."

गॅस नळीत नुसता जळला तर 'भप्प' होतं आणि गाडी जेमतेम हलते. तो एका क्षणात फुटला तर कोरडा, कडकडीत आवाज येतो आणि खरा धक्का बसतो. हा फरक किशोर कानाने ओळखायचा. त्याच आवाजांनी त्याचा उजवा कान गेला, डावाही निम्मा गेला. उरलेलं टिकवायचं तर हे बंद करा, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं.

त्याने बंद केलं नाही. बायकोला, दामिनीला, तो शेजारी उभं करू लागला. बार बरोबर फुटला की तिने हात वर करायचा.

गेल्या हिवाळ्यात दुकानामागच्या पडीत वावरात मीही होतो. नळी सुरू झाली. कोरडे, सलग बार; छाती हादरत होती. गाडी निघाली ती, बार बरोबर फुटले तर जिथवर जावी म्हणून किशोरने आखलेल्या चुन्याच्या रेषेपलीकडे जाऊन थांबली. किशोरने दामिनीकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात खालीच होते.

"भप्प झालं," ती त्याला ओठ दिसतील असं म्हणाली. "एकबी बरोबर नाई फुटला."

किशोरने मातीतल्या चाकोऱ्या पाहिल्या. मग बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि गॅसची नळी सोडवायला बसला.

आता तो खिडक्यांचे गज आणि लोखंडी दारं बनवतो. डावा कान उन्हाळ्यात गेलाच. त्या दिवसाबद्दल दोघं बोलत नाहीत. तसंही त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि दामिनीने ते कमी केलं आहे.

परवा तिने त्या गाडीवर गोवऱ्या वाळत घातल्या होत्या. किशोरने एकेक उचलून खाली मांडली आणि गाडीवर ताडपत्री टाकली.